चित्रातल्या माणसांशी कसे वागावे : भोईवाड्यातील नवशिक्यांसाठी

परळ-भोईवाड्यात राहणाऱ्या, पोटापाण्याचे बरे चाललेल्या आणि तरीही कुणीतरी हाताला धरून काळा घोड्याला नेऊन चित्रासमोर उभे केलेल्या माणसांसाठी ही मार्गदर्शिका आहे. सुरुवात हात कुठे ठेवायचे इथपासून. हात पाठीमागे ठेवावेत, एकमेकांत गुंतवून. देवळातल्यासारखे पुढे जोडू नयेत. खिशात तर मुळीच घालू नयेत, गॅलरीवाल्याला वाटते आपण पाकीट काढतो आहोत, आणि तो लगेच शेजारी येऊन उभा राहतो.

विषय आहे अतिवास्तववादी चित्रातला माणसामाणसांतला जिव्हाळा आणि एकाकीपणा कसा ओळखावा हा. दोन्ही माल भोईवाड्यात मुबलक असल्याने नवशिक्याची अर्धी तयारी जन्मतःच झालेली असते. उरलेली अर्धी म्हणजे चित्र.

साहित्य आणि जागा

सरावाला रेने माग्रित या बेल्जियन चित्रकाराचे ‘द लव्हर्स’ घ्यावे. साल १९२८. या नावाची त्याची एकाहून जास्त चित्रे आहेत. आपल्याला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधले हवे. त्यासाठी व्हिसाच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. मूळ चित्र ५४ सेंटिमीटर उंच आणि ७३ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे रविवारी सकाळी दोन्ही पाने पसरून बसलेल्या वडिलांच्या हातातल्या पेपराएवढे. फोनवर ते आणखी आक्रसते. हरकत नाही.

पाहण्याची जागा म्हणून केईएमच्या ओपीडीतली केसपेपरची रांग सुचवावीशी वाटते. १९२६ पासून हे रुग्णालय इथे आहे आणि रांगही तितकीच मुरलेली आहे. चित्र पाहायला ज्या दोन गोष्टी लागतात त्या इथे फुकट मिळतात. एक म्हणजे वेळ. दुसरी म्हणजे खांद्यावरून आपल्या फोनमध्ये डोकावणारा अनोळखी माणूस. न्यूयॉर्कला ही दुसरी सोय नाही.

चित्रात एक पुरुष आणि एक बाई चुंबन घेत आहेत. दोघांची डोकी पांढऱ्या कापडात पार गळ्यापर्यंत गुंडाळलेली. कापडाआडून नाकाचा उंचवटा जाणवतो, चेहरा दिसत नाही. त्याच्या अंगात काळा कोट आणि टाय, तिचा दंड उघडा. मागे निळसर राखाडी रंग, एका बाजूला विटकरी भिंत, वर छताच्या कडेची पांढरी नक्षी. म्हणजे जे काही चालले आहे ते घरात चालले आहे.

मागचा माणूस आता विचारील, “काय झालंय हो त्यांना?”

उत्तर देऊ नये. प्रश्न मात्र वहीत लिहून घ्यावा. जाणकारांना हा प्रश्न सुचत नाही, कारण उत्तर त्यांच्याकडे घरूनच आणलेले असते.

घरून आणलेली उत्तरे

ती पाठ करायला फार तर पाच मिनिटे लागतात. चित्रात एक माणूस असेल तर ‘अस्तित्वाचा एकाकीपणा’. दोन असतील तर ‘संवादाचा अभाव’. तिघे किंवा जास्त असतील तर ‘गर्दीतला एकटेपणा’. माणूस नसेलच तर ‘अनुपस्थितीची उपस्थिती’, आणि हे म्हणताना डोळे किंचित मिटायचे. पार्श्वभूमी तपकिरी असल्यास प्रत्येकाच्या आधी ‘आदिम’ लावावे, राखाडी असल्यास ‘महानगरीय’. एवढ्यावर उद्घाटनाच्या संध्याकाळी चहा संपेपर्यंत निभावते.

या तक्त्यात माणूस एकाकी नसण्याची सोय कुठल्याच आकड्याला ठेवलेली नाही, ही गोष्ट नवशिक्याच्या लगेच लक्षात येते. तसे लक्षात आलेले चारचौघांत बोलू नये.

तक्ता किती टिकतो हे पाहण्यासाठी भोईवाडा कोर्टाच्या आवारात जाऊन उभे राहावे. कुठल्याही कामाच्या दिवशी तिथे एखादी आई हातात पिशवी घेऊन उभी असते. गाडीतून पोलीस तिच्या मुलाला उतरवतात. दोघांत पाचेक फूट अंतर आणि मधे हवालदार. ती विचारते, “जेवलास का?” तो मान हलवतो आणि आत जातो. तक्त्यानुसार हा संवादाचा अभाव, हवालदार धरला तर गर्दीतला एकटेपणा. आता तुम्हीच ठरवा. दोन शब्द आणि एक मान, यापेक्षा जास्त संवाद तुमच्या घरी काल रात्री जेवताना झाला होता का?

आईची चावी

माग्रितच्या बाबतीत आणखी एक तयार उत्तर मिळते आणि ते जरा जड आहे. तो १३ वर्षांचा असताना, १९१२ साली, त्याच्या आईने सांब्र नदीत जीव दिला. प्रेत सापडले तेव्हा तिचा झोपण्याचा झगा तोंडावर आला होता, अशी हकिकत सांगतात. त्याच्या चित्रांत झाकलेले चेहरे दिसले की अभ्यासक ही हकिकत काढतात आणि कुलूप उघडल्याच्या समाधानाने हात झटकतात. माग्रितला स्वतःला हे असले उलगडे आवडत नसत.

ही चावी नवशिक्याने खिशात जरूर ठेवावी, कुलपाला लावायची घाई करू नये. चाळीत राहिलेल्यांना हे समजावायला नको. तिथे प्रत्येकाची आख्खी कुंडली सगळ्या मजल्याला ठाऊक असते: कुणाचा बाप संपात देशोधडीला लागला, कुणाची आई कशाने गेली, कोण कुणाशी का बोलत नाही. म्हणून तो माणूस उद्या सकाळी नळावर कसा वागेल हे कुणाला सांगता आले आहे का? हकिकत खरी असूनही माणूस तिच्यात मावत नाही. चित्राला तेवढी सवलत द्यावी.

हाच माग्रित कोट-टाय घालून, ब्रुसेल्सच्या उपनगरातल्या घरी, जेवणाच्या खोलीत चित्रे काढायचा. स्टुडिओ वगैरे थाट नाही. सुरुवातीला त्याने वॉलपेपरच्या कारखान्यात नक्षीकामाची नोकरी केली होती. बायको जॉर्जेट, तिची त्याची ओळख शाळकरी वयातल्या जत्रेतली. म्हणजे ज्याच्या नावावर विसाव्या शतकातला निम्मा एकाकीपणा जमा आहे, त्याचा इझल ताटवाट्यांच्या शेजारी उभा असे.

कापड

आता मुख्य धडा. इथे घाई करू नये.

परदेशी पुस्तके सांगतात की दोघांच्या मधले कापड म्हणजे एकमेकांपर्यंत पोहोचता न येणे. असेल. पण भोईवाड्यातल्या माणसाने निदान एका लग्नात तरी अंतरपाट धरलेला असतो. मंगलाष्टके चाललेली असतात, नवरा-नवरी हार घेऊन उभी असतात आणि मधे कापड. हॉलमधल्या सगळ्या वऱ्हाडाला दोघांचेही चेहरे दिसत असतात. दिसत नाहीत ते फक्त त्या दोघांना एकमेकांचे. माग्रितच्या चित्रात नेमके उलटे आहे. ती दोघे एकमेकांना भिडलेली आहेत आणि चेहरे दिसत नाहीत ते आपल्याला. कापड त्यांच्या दोघांमधे जेवढे आहे त्याहून जास्त ते त्यांच्या आणि आपल्या मधे आहे. आपण इथे आगंतुक वऱ्हाडी आहोत आणि बेल्जियन भटजीने अंतरपाट आपल्यासमोर धरला आहे.

हे पटत नसेल तर दुसरे कापड पाहावे. गिरणगावातली दहा बाय बाराची खोली. आई-वडील, दोन भाऊ, विधवा आत्या, नोकरी शोधायला गावाहून आलेला मामेभाऊ. थोरल्याचे लग्न होते. त्या रात्री खोलीच्या एका कोपऱ्यात दोरी बांधली जाते आणि तिच्यावर आईची जुनी साडी पडते. पलीकडचे सगळे भिंतीकडे तोंड करून इतके गाढ झोपतात की एरवी घोरणारा माणूसही घोरत नाही. धाकटा पथारी उचलून गॅलरीत जातो. मामेभाऊ महिनाभर मित्राच्या गाळ्यावर झोपायला जातो. वडील मुकादमाला सांगून रात्रपाळी मागून घेतात आणि कारण विचारले तर “दिवसा उकडतं” म्हणतात. साडी दोरीवर लटकलेली दिसते खरी, पण ती धरून सगळे घर उभे असते. आणि सकाळी नवी सून चहा करायला उठते तेव्हा रात्री कुणीही कुठेही गेलेले नसते.

एकांत असा पाच जणांनी मिळून तयार करावा लागतो, ही गोष्ट ब्रुसेल्सला कुणी सांगितली नसावी.

याच कापडाचा हल्लीचा नमुना स्कूटरवर दिसतो. ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली मुलगी, पुढे हेल्मेटातला मुलगा. चेहरा झाकलेला असतो म्हणूनच तिचा हात त्याच्या कमरेभोवती असतो. ओढणी सुटली तर हातही सुटेल, कारण सिग्नलला शेजारच्या टॅक्सीत मावशी असू शकते. पावसाळ्यात मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर ओळीने उघडलेल्या छत्र्यांचेही तेच. आपल्याकडे झाकलेले तोंड बहुधा जवळ यायच्या तयारीत असते.

तर नियम असा. चित्रात कापड, भिंत, पाठ, बंद खिडकी काहीही आडवे आले तर लगेच एकाकीपणा म्हणू नये. आधी विचारावे, आडोसा कुणापासून केला आहे आणि तो कुणी धरला आहे.

हा नियम लावून ‘द लव्हर्स’कडे पुन्हा पाहिले की चित्र खरोखर थंड वाटू लागते, आणि हे माझे मत आहे, कुठल्या पुस्तकातले नाही. या दोघांना भिंत आहे, छत आहे, नक्षी आहे. आत्या नाही, मामेभाऊ नाही. कुणी कूस बदलून झोपेचे सोंग घेत नाही, कारण घेणारे कुणीच नाही. एवढी जागा असून यांनी आडोसा स्वतःच्याच डोक्याला बांधून घेतला आहे. रांगेतला माणूस पहिल्यांदा विचारतो, काय झालंय त्यांना. मला वाटते हेच झालंय.

गोवळकोंडा

दुसऱ्या टप्प्यावर माणसे वाढवावीत. माग्रितचेच १९५३ सालचे ‘गोलकोंडा’ घ्यावे. हे अमेरिकेत ह्यूस्टनच्या मेनिल कलेक्शनमध्ये आहे. किल्ला शोधू नये, सापडणार नाही. हिरा नाही, कुतुबशहा नाही, भागानगरला गेलेले शिवाजीमहाराजही नाहीत. लाल कौलांची घरे, पडदे लावलेल्या खिडक्या आणि हवेत जिकडेतिकडे काळे ओव्हरकोट आणि बाउलर टोप्या घातलेले पुरुष. वरून पडताहेत, वर चाललेत की नुसते टांगलेत ते चित्र सांगत नाही. प्रत्येकाचे दुसऱ्यापासून ठरलेले अंतर आहे. कुणी कुणाला शिवत नाही.

नावाचे गूढ मात्र सुटण्यासारखे आहे. माग्रित पुष्कळदा चित्र आधी पुरे करायचा आणि मग मित्र जमले की नावांवर खल व्हायचा. ‘गोलकोंडा’ हे नाव लुई स्क्युतनेर या कविमित्राने सुचवले. माणसे एकमेकांना न शिवणाऱ्या चित्राचे बारसे मित्रांच्या कोंडाळ्यात झाले, हे तक्ता पाठ करणाऱ्यांनी एकदा तरी ध्यानात घ्यावे.

या चित्राचा सराव सकाळी लोकलमध्ये करतात. तिघांच्या बाकड्यावर चौथा येऊन उभा राहतो आणि नुसता बघतो. तोंडाने काही बोलत नाही. पहिला खिडकीकडे सरकतो, दुसरा त्याच्यामागे, तिसरा पाय आवळतो आणि चौथ्याला अर्धे बूड टेकण्यापुरती कड मिळते. चौघांना एकमेकांची नावे ठाऊक नसतात. कधीकधी अशी चौकडी पंधरा वर्षे एकाच डब्यातून जाते आणि एक दिवस त्यांतला एक येत नाही, तेव्हा बाकीच्यांना कळत नाही की कुणाला विचारायचे. तक्ता इथे निम्मा खरा ठरतो, हे प्रामाणिकपणे नोंदवावे.

‘गोलकोंडा’ परळमध्ये पाहताना आणखी एक गोष्ट आठवते आणि ती सांगताना चेष्टा बाजूला ठेवायला हवी. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर, पाऊस कोसळत होता म्हणून लोक जिन्यात थांबून राहिले. गाड्या येत राहिल्या, मागून माणसे येत राहिली. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. माग्रितच्या माणसांमधे जेवढी हवा आहे तेवढी त्या जिन्यात नव्हती. या वस्तीत येऊन सारख्या अंतरावर टांगलेली माणसे ही आधुनिक माणसाची शोकांतिका आहे असे कुणी सांगू लागला, तर ऐकून घ्यावे आणि त्याला तो जिना दाखवावा.

अंतर मोजायला भोई हे माप जास्त उपयोगी पडते. पालखीच्या दांड्याखाली पुढच्या भोयाला मागच्याचा चेहरा दिसत नाही. मागच्याला दिसते ती पुढच्याची पाठ. कोसच्या कोस असेच. चित्रकाराने पालखी पुसून टाकून फक्त दोघांना रंगवले तर नवशिक्या छातीठोकपणे म्हणेल, बघा, एकमेकांकडे पाठ फिरवलेली माणसे. पण एकाचा पाय चुकला तर दुसऱ्याचा खांदा मोडतो. म्हणून पाठमोरी माणसे दिसली की त्यांच्या खांद्यांकडे पाहावे. काही उचललेले आहे का?

टाटा कर्करोग रुग्णालयाच्या बाहेरचा फुटपाथ हा या धड्याचा मोठा वर्ग आहे. १९४१ साली रुग्णालय उघडले तेव्हापासून देशभरातली माणसे इथे येतात. कुणी बंगालहून, कुणी बिहारहून, कुणी जळगावहून. भाषा जुळत नाही. ती एकमेकांना नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, आधी विचारतात, “कुठला?” आणि समोरचा गळ्याला किंवा पोटाला हात लावतो. मग एकाच्या स्टोव्हवर दुसऱ्याची खिचडी शिजते. हे चित्र कुणी काढले तर समीक्षक त्याला अतिवास्तववादी म्हणतील.

माणूसच नसेल तर

घाबरू नये. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांसमोर बहुतेकांचे असेच होते.

बरवे १९३६ साली नागावला जन्मले, जे. जे.मध्ये शिकले आणि विणकर सेवा केंद्रात नोकरी करत राहिले; त्यातली काही वर्षे बनारसला. त्यांच्या कॅनव्हासवर पान असते, पेअर असते, घड्याळ असते. माणूस शोधून सापडत नाही. वस्तू एकमेकींपासून लांब लांब ठेवलेल्या आणि मधे भरपूर मोकळी जागा. रंगही साधा इनॅमल, दाराखिडक्यांना लावतात तो, फक्त बरव्यांच्या हातून तो असा बसतो की पृष्ठभाग शांत होतो. युरोपातल्या अतिवास्तववादी चित्रांसारखा धक्का इथे नाही. कुणी ओरडत नाही, काही वितळत नाही.

नवशिक्याने पहिल्या भेटीत ‘रिकामे आहे’ असे म्हणून टाकावे आणि मोकळे व्हावे. दुसऱ्या भेटीत पानाची सावली कुठे पोहोचते ते पाहावे. एका वस्तूची रेघ दुसरीच्या आकारात कशी शिरते ते पाहावे. मग लक्षात येते की दिवसभर ताणाबाणा पाहणाऱ्या माणसाने हे लांबलांबचे धागे ओढले आहेत. बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० साली मौजेने काढले. चित्रकाराने स्वतःच्या कामाविषयी मराठीत इतके स्वच्छ लिहिलेले दुसरे पुस्तक दाखवणे अवघड आहे. तक्ता फेकून ते घ्यावे. बरवे १९९५ साली गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, आणि चर्चा झाली ती उद्घाटनाला अडवलेल्या भाषणाची. चित्रे भिंतीवर गप्प होती, नेहमीप्रमाणे.

माणसाशिवाय करमतच नसेल तर डॉ. सुधीर पटवर्धन यांची चित्रे पाहावीत. ती अतिवास्तववादी नाहीत, पण पथ्य म्हणून चांगली. हे गृहस्थ ठाण्याला १९७५ पासून २००५ पर्यंत क्ष-किरण तज्ज्ञ होते. दिवसा माणसांच्या बरगड्या पाहायच्या आणि उरलेल्या वेळात त्याच माणसांना इराणी हॉटेलात, पुलावर, रेल्वेत बसवायचे. त्यांचे कामगार एकटे असतात तेव्हाही त्यांच्या अंगावर दिवसभराच्या कामाचे वजन असते, आणि वजन असलेला माणूस हवेत टांगता येत नाही.

आणि दाली हवाच असेल, कारण प्रत्येक वर्गात एकाला दाली हवाच असतो, तर मुंबईकराने अभिमानाने सांगावे की १९६७ साली त्याने आपल्या एअर इंडियासाठी ॲशट्रे बनवून दिली. हत्तीचे डोके उलटे धरले की हंस दिसायचा. मोबदला म्हणून त्याने हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते स्पेनला पाठवले. जिव्हाळा की एकाकीपणा, हे पिल्लालाच विचारायला हवे होते.

प्रात्यक्षिक परीक्षा

परीक्षेचे केंद्र भोईवाड्यातच आहे, म्हणून रेल्वेचे भाडे वाचते. १९३१ साली परळला रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून एक भली थोरली शिळा निघाली. उंची अकरा फुटांहून जास्त. अभ्यासक तिचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा धरतात. ती आजही बारादेवीच्या देवळापाशी आहे आणि पूजेत आहे. तिचा साचा घेऊन केलेली प्रतिकृती फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवली आहे. लोक प्रतिकृती पाहायला तिकीट काढतात आणि अस्सल शिळेच्या गल्लीतून भाजी घेऊन जातात.

शिळेवर शंकर आहे. त्याच्या खांद्यामागून वर दुसरा शंकर उगवला आहे, त्याच्यावर तिसरा. खालच्या दोघांच्या दोन्ही कुशींतून आणखी एकेक बाहेर झेपावला आहे. एकूण सात. सगळ्यांची अंगे एकमेकांत गेलेली, कुणाचा कुठे शेवट होतो ते बोट ठेवून सांगता येत नाही. पायाशी वाद्ये घेतलेले गण आहेत आणि त्यांचे काम कारागिराने अर्धवट सोडलेले आहे. पॅरिसमध्ये आंद्रे ब्रतोंने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला तो १९२४ साली. शिळा तेव्हा अजून जमिनीखालीच होती, नाहीतर त्याने निदान एक तळटीप दिली असती.

परीक्षार्थीने शिळेसमोर शांतपणे उभे राहावे. इथे हात जोडलेले चालतात. प्रश्न एकच: हे सात एक आहेत की सात? एक म्हटले तर प्रत्येकाचा चेहरा स्वतःपुरता मिटलेला का, कुणी कुणाकडे पाहत का नाही? सात म्हटले तर कुठल्याही एकाला बाकीच्यांपासून सोडवून दाखवा. वेळ हवा तेवढा. अभ्यासकांनी यावर जाड जाड निबंध लिहिले आहेत, ते वाचून आल्यास गुण कापले जातील.

अडले तर देवळात आलेल्या कुठल्याही आजींना विचारायला परवानगी आहे. प्रश्न सोपा करून विचारावा, “आजी, हे सगळे असे एकमेकांतून का उगवलेत?”

आजी शिळेकडे एकदा पाहतील, तुमच्याकडे एकदा पाहतील. “जागा नसेल बाबा,” म्हणतील, “आमच्याकडेही पोटमाळा काढायला लागलाच की.”

उत्तर ग्राह्य धरावे आणि आजींना पुढे जाऊ द्यावे, मागे लोक खोळंबले आहेत.